चर्चगेटचें मूळ चर्च

मुंबईच्या चर्चगेट स्टेशनांत रोज लक्षावधि माणसें उतरतात. परंतु तेथें दरवाजा नाहीं आणि ज्यावरून हें नांव पडलें तें चर्चहि नाहीं. तें पूर्वेस, जुन्या कोटांत, हॉर्निमन सर्कलपाशीं उभें आहे. त्याचें नांव सेंट टॉमस कॅथीड्रल. त्याच्या रोखानें असलेला कोटाचा दरवाजा तो चर्चगेट. १८६० च्या दशकांत तटाबरोबर दरवाजाहि गेला; नांव मात्र राहिलें.

जेराल्ड आँजिअर गव्हर्नर असतांना, १६७६ सालीं, या प्रॉटेस्टंट देवालयाचा पाया घातला गेला. भिंती सुमारें १५ फूट चढल्या आणि काम थांबलें तें जवळजवळ ४० वर्षें. १७१५ नंतर रिचर्ड कॉब या पाद्र्यानें वर्गणी जमवून तें पुरें केलें, आणि १७१८ च्या नाताळांत येथें पहिली प्रार्थना झाली.

त्या समारंभास रामा कामती हे शेणवी व्यापारी ज्ञातिबांधवांसह आले आणि बाहेर उभे राहून त्यांनीं तो शेवटपर्यंत पाहिला, असें कॉबनेंच लिहून ठेवलें आहे. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १७१५ च्या सुमारास यांनींच केला. कंपनीचे ते जुने साहाय्यकर्ते. तरीहि १७२० त कान्होजी आंग्र्यांशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून कंपनीनें त्यांस कैदेंत टाकून त्यांची मालमत्ता जप्त केली. १७२८ त तुरुंगांतच त्यांचा अंत झाला. पुराव्यांतील पत्रें बनावट होतीं, हें मागाहून उघडकीस आलें.

इमारतीचा मूळ सभामंडप साधा आणि भक्कम आहे. १८३७ त मुंबईस बिशप आले, चर्चचें कॅथीड्रल झालें. पुढच्याच वर्षीं साध्या घंटाघराच्या जागीं उंच मनोरा उभा राहिला. १८६० च्या दशकांत वेदीकडील भाग टोकदार कमानींच्या गॉथिक पद्धतीनें नव्यानें बांधण्यांत आला. त्यामुळें पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जाणारास दोन निरनिराळ्या काळांचें बांधकाम एकाच छपराखालीं दिसतें.

भिंतींवर संगमरवरी स्मारकें आहेत. त्यांतील एक १८११ सालीं निवर्तलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचें. काशी आणि काठेवाड येथील बालिकाहत्या बंद करण्याच्या त्यांच्या प्रयत्नांचा त्यावर उल्लेख आहे. कंपनीच्या माणसांची कीर्ति अशी दगडांत कोरली गेली. पहिल्या दिवशीं दाराबाहेर उभ्या राहिलेल्या रामा कामतींची आठवण करावयाची, तर वाळकेश्वराच्या देवळाकडेच पाहावें लागतें.