शरीराचे पहारेकरी

मुलांनो, पावसाळ्यात माणिकपूरच्या एखाद्या वाडीतून अनवाणी चालताना पायात काटा रुतला, तर तुम्ही काय करता? काटा काढता, पाय धुता आणि विसरून जाता. पण तुमचे शरीर ते विसरत नाही. काट्याबरोबर चिखलातले जंतूही आत शिरलेले असतात.

त्वचा हा शरीराचा तट आहे, आपल्या वसईच्या किल्ल्याला आहे तसा. तटाला भगदाड पडले, की आतले सैन्य धावून येते. हे सैन्य म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी. जखमेजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, तेथे जास्त रक्त येते; म्हणून ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते. पांढऱ्या पेशी जंतूंना वेढतात आणि चक्क गिळून टाकतात. जखमेतला पू आपल्याला घाण वाटतो. पण त्यात या लढाईत मेलेल्या पेशीच पुष्कळ असतात. कधी कधी जांघेत दुखरी गाठ येते. तिला मराठीत अवधाण म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, हे कसे? पायातून वर निघालेल्या जंतूंना अडवण्यासाठी जांघेत लसीका ग्रंथींची चौकी असते. तेथे झुंज सुरू झाली, की ग्रंथी फुगतात.

काही पांढऱ्या पेशींचे काम याहून निराळे असते. त्या विशिष्ट जंतूला ओळखतात आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करतात. पहिल्या वेळी याला एक-दोन आठवडे लागतात. तोवर माणूस आजारी पडतो. मात्र त्यांतल्या काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षे जपतात. म्हणून गोवर, म्हणजे तुमच्या उर्दूतला खसरा, एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही.

रोग न होताच ही ओळख करून देता येईल का? लस हेच काम करते. (उर्दूत लशीला टीका म्हणतात. मराठीत मात्र टीका म्हणजे दोष दाखवणे. तेव्हा जपून बोला!)

देवीच्या रोगाने, म्हणजे चेचकने, पूर्वी हजारो मुले दगावत. जी वाचत, त्यांतली कित्येक आंधळी होत. गाईंना होणाऱ्या देवी माणसाला फारसा त्रास देत नाहीत. पण दोन्ही जंतू इतके सारखे, की एकाची ओळख दुसऱ्यालाही पुरते. गोदेवीची ही लस व्हिएन्नाहून बगदाद आणि बसरामार्गे मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि लागू पडली. भारतातले हे पहिले यशस्वी लसीकरण. त्या काळी बर्फाची पेटी कोठून असणार? उष्णतेने लस निकामी होई. म्हणून एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचून ती जिवंत ठेवत. ॲनाच्या फोडातूनच मुंबईतील आणखी मुलांना लस मिळाली.

१९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. तुमच्या डाव्या दंडावर लहानसा वण असेल, तर तो बहुधा क्षयरोगाच्या बीसीजी लशीचा. आजी-आजोबांच्या दंडावर मात्र देवी टोचल्याचा वण अजून पाहायला मिळेल.