शाळेच्या विटांच्या भिंती आणि ओल

पावसाळा सरला की शाळेच्या भिंतींचे सुटलेले पोपडे काढून तेथे नवा गिलावा केला जातो आणि पुढील श्रावणात तो पुन्हा सुटतो. गिलावा हे ओलीवरचे पांघरूण होय. पाण्याची वाट त्याने बंद होत नाही.

वीट सच्छिद्र असते. भारतीय मानकानुसार सामान्य विटेने २४ तासांत आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. म्हणजे ३ किलोग्रॅम वजनाची चांगली वीटदेखील ६०० ग्रॅमपर्यंत पाणी पिऊ शकते. कोरडी व भिजलेली वीट तोलून हा प्रयोग विद्यार्थ्यांना वर्गातच दाखविता येईल.

पाणी भिंतीत तीन वाटांनी शिरते : फुटक्या कौलांतून, विटांमधील उघड्या दर्जांतून आणि जोत्याखालील ओल्या जमिनीतून. डाग छताजवळ असल्यास कौले व पन्हळ तपासावेत. जोत्यालगत डागांचा सलग पट्टा असून त्यावर पांढरा लोणा दिसल्यास ओल बहुधा जमिनीतून चढत असते. पाण्याबरोबर आलेले क्षार भिंत वाळताना स्फटिकरूप होतात व विटेचा भुगा करतात. लोणा कोरड्या ब्रशाने झाडून काढावा. धुतल्यास क्षार पुन्हा विटेत मुरतात.

दुरुस्तीचा क्रम सांभाळणे महत्त्वाचे आहे. प्रथम कौले व पन्हळ नीट करावेत, भिंतीशी साचलेली माती हलवावी व जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. दर्जांत उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढावे. मग भिंत पूर्ण वाळू द्यावी; दिवाळीनंतरचे कोरडे महिने यास सोयीचे. त्यानंतर दर्जा सुमारे २ सेंटिमीटर खोल खरवडून, झाडून व पाणी शिंपडून नव्याने भराव्यात आणि काही दिवस ओलसर राखाव्यात. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असल्यास चुनाच वापरावा. सिमेंटचा टणक थर आतील ओल कोंडून धरतो आणि मग दर्जांऐवजी विटाच झिजतात.

भिंत फुगलेली, कललेली किंवा आरपार तडकलेली आढळल्यास मात्र शाळेने स्वतः दुरुस्ती करू नये. त्या वर्गातील मुले त्याच दिवशी अन्यत्र बसवावीत, भिंतीजवळ कोणास जाऊ देऊ नये व बांधकाम विभागास लेखी कळवावे. भिंत पुन्हा बांधता येते. मुलाच्या जिवाची भरपाई होत नाही.