गंजिफा : मोजून पाहावे असे चित्र

गंजिफा हा खेळ इराणकडून आला. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला हे पत्ते पाठवल्याची नोंद ‘बाबरनामा’त आहे. मोगली संचात ताज, शमशेर, गुलाम अशा आठ रंगांचे प्रत्येकी बारा, म्हणजे ९६ पत्ते. आपल्याकडे त्या रंगांच्या जागी दशावतार आले आणि संच १२० पत्त्यांचा झाला : प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. निम्म्या अवतारांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का. खेळाचा आरंभ दिवसा रामाने, रात्री कृष्णाने.

हे गोल पत्ते सावंतवाडीचे चितारी हाताने रंगवून त्यांवर लाख चढवीत. छापील पत्ते आले आणि ही कला मागे पडली. १९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, म्हणून ती आज राजवाड्यात जिवंत आहे.

संग्राहकाने जुना संच हाती येताच आधी पत्ते मोजावेत. सुटा राजा चौकटीत शोभतो. पण एक दुग्गी हरवली तरी डाव अडतो. मग पाठी पाहाव्यात. त्या एकसारख्या हव्यात, नाहीतर हातातले पान समोरच्याला कळते. काठ झिजलेले असले तर संच खेळला गेला आहे. एखादे पान वेगळ्या कुंचल्याचे दिसले, तर ते लगेच दोष समजून बाजूला काढू नये. हरवलेले पान रंगवून घेऊन कुणीतरी डाव चालू ठेवल्याची ती खूण असू शकते.