जुनी पेटी घेताना



जनाबाईंच्या गंगाखेडापासून जिंतूर-सेलूपर्यंत भजन म्हटले की टाळ-मृदंगाच्या जोडीला पेटी आलीच. ती ऐकून घरातल्या मुलाला किंवा मुलीला गोडी लागते. नवी पेटी परवडत नाही, म्हणून कोणाची तरी जुनी बघितली जाते. अन् इथेच पुष्कळजण चुकतात. ते पॉलिश बघून पेटी घेतात. पेटीचा जीव पॉलिशमध्ये नसतो; तो हवेत आणि सुरात असतो.

सतार उतरली तर वाजवणारा खुंटी पिळतो. पेटी उतरली तर शिकणाऱ्याला काहीच करता येत नाही. तोच खोटा सूर रोज कानावर पडतो आणि मूल त्यालाच खरा मानू लागते. ठरलेल्या सुरांची, मींड न निघणारी, असा आक्षेप घेऊन 1940 पासून सुमारे तीन दशके रेडिओवर पेटीला मज्जावच होता. जालन्याकडच्या अप्पा जळगावकरांसारख्या वादकांनी तिला मान मिळवून दिला, पण तो सुरेल पेटीला!

तेव्हा आधी हवा तपासा. समोरच्या ओढायच्या मुठी, म्हणजे स्टॉप, सगळे बंद करा आणि मागच्या भात्याने हवा भरा. पोटातला दुसरा भाता ती हवा धरून ठेवतो. तो भराभर रिकामा होत असेल, तर हवा कुठेतरी गळते आहे. मग एक स्टॉप उघडा, पण पट्टी दाबू नका. तरीही सूर बोलू लागला, तर पट्टीखालचे झाकण नीट बसत नाही. स्प्रिंग ढिली झाली असेल किंवा चामडे कसरीने खाल्ले असेल.

आता सूर. एकेका पट्टीवर बोट ठेवून, आधी हळू आणि मग भरपूर हवेने, सगळ्या पट्ट्या वाजवा. सूर उशिरा बोलणे किंवा कुरकुरणे बहुधा रीडमध्ये अडकलेल्या धुळीमुळे होते; ते साफ होते. पण एखादाच सूर फार उतरलेला असेल, तर रीडची पितळी जीभ तडकलेली असू शकते. ती बदलावी लागते. मग षड्ज आणि तार षड्ज एकत्र दाबा. आवाज लाटांसारखा हलत असेल तर जुळणी बिघडली आहे. दुहेरी रीडची पेटी असेल तर दोन्ही संच आधी वेगवेगळे ऐका, मग एकत्र. हल्ली मोबाईलवरही सूर मोजता येतो. सगळी पेटी सारखीच थोडी चढी असेल, तर एकट्याच्या रियाजाला अडत नाही. बासरीबरोबर वाजवताना मात्र अडेल.

शेवटी वरचे झाकण उघडून आत बघा. लाकडाला बारीक भोके, खाली भुसा, उंदराने कुरतडलेला भाता, फळीला उन्हाने गेलेली चीर, यांपैकी काही दिसले तर घाई करू नका.

नवशिक्याला स्केल चेंजरची गरज नाही. पट्ट्यांची ओळ सरकवणारी ही रचना सोयीची खरी, पण जुन्या पेटीत जितके हलते भाग तितकी दुरुस्ती अधिक. साधी, दुहेरी रीडची, तीन-साडेतीन सप्तकांची पेटी घरच्या रियाजाला पुरते. मुलाला काळी एकमध्ये गायला सोपे जात असेल, तर त्याला तिथूनच षड्ज धरायला शिकवा.

सौदा करण्याआधी पेटी कारागिराला दाखवा, दुरुस्तीचा खर्च विचारा आणि तो किमतीत मिळवा. स्वस्त पेटी मग महाग ठरू शकते. शिक्षकांनी शाळेसाठी घेतानाही हेच करावे. तिथे एका पेटीवर अनेक कान घडतात.

पेटी घरी आली की चुलीपासून, ओल्या भिंतीपासून आणि उन्हापासून दूर, पाटावर कापड झाकून ठेवा. आणि रोज थोडी वाजवा. बंद पडून राहिलेली पेटी धुळीचे आणि किड्यांचे घर होते.