चुकलेल्या मुलांचा न्याय

समजा, आपल्या परभणी जिल्ह्यांतील एखाद्या गांवीं पंधरा वर्षांच्या मुलानें शेजाऱ्याच्या विहिरीवरील मोटारीची केबल चोरली आणि आंतील तांबें भंगारवाल्यास विकलें. मुलाच्या हातीं चार पैसे आले. परंतु ऐन पाण्याच्या पाळींत मोटार बंद पडून शेतकऱ्याचा गहूं वाळूं लागला. आतां या मुलाचें काय करावें? "तुरुंगांत घाला," असें कोणी म्हणेल. "लेंकरूं आहे, सोडून द्या," असें दुसरा म्हणेल. या दोहोंहून निराळा असा एक तिसरा मार्ग आहे. त्याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम कायदा काय सांगतो तें पाहूं. अठरा वर्षांखालील मुलाचा अपराध साधारण न्यायालयापुढें न जातां बालन्याय मंडळापुढें जातो. २०१५ सालच्या कायद्याप्रमाणें या मंडळांत एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक बसतात. त्या दोघांपैकीं एक तरी स्त्री असलीच पाहिजे. समज देणें, समाजसेवेचें काम लावणें, देखरेखीखालीं घरींच ठेवणें, असे उपाय मंडळाच्या हातीं आहेत. सोळा वर्षांवरील मुलाच्या अतिघोर गुन्ह्यास निराळी तरतूद आहे. एरव्हीं फार झालें तर तीन वर्षें विशेष गृहांत ठेवितात. शिवाय, मुलाच्या व समाजाच्या हितास बाध येत नसेल तर न्यायालयीन कारवाईवांचून मार्ग काढावा, हें तत्त्वही त्याच कायद्यांत सांगितलें आहे.

असा मार्ग काढावयाचा कसा, याचा एक धडा कॅनडा देशांत मिळाला. १९७४ सालीं तेथील एल्मायरा गांवीं दोन तरुणांनीं एका रात्रींत बावीस ठिकाणीं नासधूस केली. मार्क यांत्झी नांवाच्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनीं त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारोदार धाडिलें. तरुणांनीं लोकांचें म्हणणें समक्ष ऐकिलें आणि पुढें भरपाईही केली. न्यूझीलंडांत तर १९८९ च्या कायद्यानें अपराधी मूल, त्याचे आप्त व ज्याचें नुकसान झालें तो मनुष्य, यांच्या बैठकीस न्यायव्यवस्थेंत मानाचें स्थान दिलें. तिच्या मुळाशीं माओरी लोकांची जुनी रीत आहे.

आपल्याकडेही ही कल्पना अगदींच परकी नाहीं. मराठेशाहींत गोतसभा गांवचे तंटे निवडीत असे. १५ ऑगस्ट २००७ रोजीं सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहिमेंतही गांवसमित्यांनीं सामोपचारानें तंटे मिटविण्याचा उद्योग केला. परंतु येथें एक सावधगिरी पाहिजे. जातपंचायतीनें दंड करावा, कुटुंबास वाळींत टाकावें, हा न्याय नव्हे, जुलूम होय; महाराष्ट्रांत २०१६ च्या कायद्यानें सामाजिक बहिष्कार हा गुन्हाच ठरला आहे. म्हणून अशा बैठकीस तीन अटी हव्यात : मुलानें आपण होऊन चूक कबूल करावी, ज्याचें नुकसान झालें त्यानें राजीखुशीनें यावें, आणि भरपाई मुलाच्या शक्तीबाहेरची नसावी. मुलींवरील अत्याचारासारखीं प्रकरणें तर गांवानें कधींच आपसांत मिटवूं नयेत. तीं पोलिसांकडेच गेलीं पाहिजेत.

आतां आपल्या केबलचोराकडे वळूं. बैठकींत शेतकरी सांगेल, "बियाणें उधारीचें होतें रे, बाळा." त्याची बायको सांगेल, घागरीनें पाणी घालून किती वाफे वांचले तें. मुलाची मान खालीं जाईल. बाप केबलचे पैसे हप्त्यांनीं फेडील. मुलगा सुट्टीच्या दिवशीं त्याच शेतांत दारें धरील. चोरीचा माल घेणारा भंगारवाला मात्र जाणता मनुष्य. त्याचा हिशेब कायदा करील. तुरुंगांत बसून मुलास वाळलेला गहूं दिसला नसता, आणि शेतकऱ्यासही कांहीं मिळालें नसतें.

शेवटीं एक कबुली मलाही दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं पुस्तक चोरणाऱ्या एका मुलास मीं सर्व वर्गासमोर उभें केलें. पुस्तक परत मिळालें. मुलगा मात्र पुन्हां शाळेंत आला नाहीं. त्यानें तें कां घेतलें, हें मीं विचारलेंच नव्हतें. पालकहो, आपलें मूल चुकेल तेव्हां हात उगारण्यापूर्वीं त्याला एवढेंच विचारा : कोणाचें नुकसान झालें, आणि तें तूं कसें भरून देशील?