वीज गेली तरी न विसरणारी मेमरी

पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये वीज जाते. जनरेटरवर लिफ्ट सुरू होते, जिन्यातले दिवे लागतात. पण घरातल्या डेस्कटॉपवर टाइप केलेली, 'सेव्ह' करायची राहिलेली सहा पानं गेलेली असतात. यूपीएस असेल तर निदान काही मिनिटं हाताशी असतात.

हा विसराळूपणा रॅमचा. डीरॅम चिपमध्ये प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. वीज थांबली की सारं पुसलं जातं. एसएसडीतली माहिती टिकते, पण वेगात ती रॅमच्या शेकडो पट मागे. म्हणून चालू काम एकीकडे, साठवण दुसरीकडे.

गंमत म्हणजे, आपल्याकडचे सुरुवातीचे संगणक असे विसराळू नव्हते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत घडवलेला 'टिफ्रॅक' १९६०मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. दर बिटाला एक कडी. वीज गेली तरी कडीतलं चुंबकत्व कायम राही. क्षमता मात्र जेमतेम दहा किलोबाइट. पुढे १९७०च्या दशकात स्वस्त डीरॅम आली आणि कड्या मागे पडल्या.

आता एमरॅम पुन्हा चुंबकत्वाकडेच वळली आहे, तर फेज-चेंज मेमरी पदार्थाच्या स्फटिक आणि अस्फटिक अवस्थांचा उपयोग करते. अशी मेमरी रॅमच्या जागी आली, तर बटण दाबताच संगणक सोडलेल्या ओळीवर उघडेल आणि झोपलेला लॅपटॉप बॅटरी खाणार नाही.

इंटेल आणि मायक्रॉनने २०१५मध्ये 'थ्रीडी क्रॉसपॉइंट' जाहीर केली. २०१७मध्ये इंटेलची १६ आणि ३२ जीबीची 'ऑप्टेन' घरगुती संगणकांसाठी आली, तीही रॅमऐवजी नव्हे, तर संथ हार्ड डिस्कला वेग देण्यासाठी. फ्लॅशपेक्षा महाग, डीरॅमपेक्षा संथ अशी तिची कोंडी झाली. २०२२मध्ये इंटेलने हा व्यवसाय गुंडाळायला घेतला.

शिवाय विसरण्याचेही फायदे आहेत. अडकलेला संगणक बंद करून चालू केला की सुधारतो, तो मेमरी कोरी होते म्हणून. पासवर्डही तिच्यासोबत पुसले जातात. न विसरणाऱ्या मेमरीत ते राहतील आणि संगणक दुरुस्तीला दिला, तर दुकानातही पोहोचतील. त्यामुळे मेमरीतला मजकूर कूटबद्ध ठेवण्याची सोय आधी करावी लागेल.