रणजी करंडकाचे मानकरी

खेळाडूची कारकीर्द अल्प असते. फार तर वीस वर्षे तो मैदान गाजवितो. मग नजर मंदावते, पाय जड होतात आणि त्याची जागा दुसरा घेतो. संघाचे मात्र तसे नाही. त्यातील अकराही जण बदलतात, पुन्हा पुन्हा बदलतात, आणि तरीही लोक त्याला तोच संघ म्हणतात. हे कसे घडते?

अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ फार लोकप्रिय आहे. तेथील सिनसिनाटी शहराने १८६९ मध्ये सर्व खेळाडूंना उघडपणे वेतन देणारा पहिला संघ उभा केला. १८७१ मध्ये बोस्टन येथे निघालेला एक संघ तर आजही खेळत आहे. मात्र १९५३ मध्ये त्याने आपले बिऱ्हाड मिलवॉकीस हलविले आणि १९६६ मध्ये तेथून अटलांटास. संघाचा मालक जाईल तिकडे संघ जातो! आपल्याकडील मुंबईच्या क्रिकेट संघाला असे बिऱ्हाड हलविणे ठाऊक नाही. तो नव्वदांहून अधिक वर्षे एकाच शहराचा म्हणून खेळत आला आहे, आणि त्या शहराशी आपल्या सिंधुदुर्गाचे नाते किती जवळचे, हे येथील प्रत्येक चाकरमान्याच्या घरी ठाऊक असते.

या संघाचा जन्म होण्यापूर्वी मुंबईत क्रिकेटचे मोठे सामने होत, पण ते धर्मावरून पाडलेल्या संघांमध्ये. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ १९१२ पासून दरवर्षी एकमेकांशी झुंजत. गर्दी अफाट लोटे. हिंदूंच्या संघात पाळवणकर बाळू हे डावखुरे गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक गडी बाद केले; परंतु ते चर्मकार समाजात जन्मलेले म्हणून संघनायकाचा मान त्यांना लाभला नाही. तो मान पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. ज्याच्या चेंडूवर सामना जिंकायचा, त्याच्या जातीकडे बोट दाखवायचे, ही त्या काळची रीत होती.

१९३४ मध्ये रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली. नवानगरचे राजे आणि थोर फलंदाज रणजितसिंहजी आदल्याच वर्षी निवर्तले होते. त्यांच्या नावाचा करंडक पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी दिला. येथे संघ प्रांतांचे होते. त्यामुळे जे खेळाडू एरवी एकमेकांविरुद्ध उभे राहत, ते आता मुंबईसाठी एकत्र खेळू लागले. मुंबईने पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात उत्तर भारताच्या संघाला २०८ धावांनी हरविले. संघनायक होते एल. पी. जय.

आरंभीच्या काळातील मोठे नाव विजय मर्चंट यांचे. १९४५ मध्ये मुंबई व होळकर या संघांमध्ये जो अंतिम सामना झाला, त्यात मर्चंट यांनी २७८ धावा केल्या. प्रतिपक्षाकडून इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन खेळत होते. त्यांनी २४९ धावा केल्या, ते अखेरपर्यंत बादही झाले नाहीत, तरी मुंबईच जिंकली. याहून विलक्षण सामना १९४९ मध्ये पुण्यास झाला. उपांत्य फेरीतील त्या सामन्याला दिवसांची मर्यादा नव्हती. मुंबईने ६५१ व ७१४, तर महाराष्ट्राने ४०७ व ६०४ धावा काढल्या. दोहोंच्या मिळून २,३७६ धावा आणि नऊ शतके झाली! पराभूत झालेल्या महाराष्ट्राच्या संघानेही हजारावर धावा केल्या होत्या, हे विसरता कामा नये.

यानंतर मुंबईने जे केले त्याला तोड नाही. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत, म्हणजे सलग पंधरा वर्षे, रणजी करंडक तिच्याकडेच राहिला. राजस्थानचा संघ या अवधीत सात वेळा अंतिम सामन्यास पोहोचला आणि सातही वेळा मुंबईकडून हरला. या काळात जन्मलेले मूल मराठी शाळेची सातवी ओलांडून गेले असेल, तरी मुंबईखेरीज दुसऱ्या कोणी करंडक जिंकल्याचे त्याने ऐकले नसेल.

एवढी सत्ता कशाच्या बळावर टिकली? पैशाच्या बळावर तर नव्हेच. खेळून पोट भरावे असे ते दिवस नव्हते. अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरी करीत. सुनील गावसकर निर्लॉन कंपनीत होते. बँका, गिरण्या आणि कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत आणि या कचेऱ्यांचे संघ आपापसांत सामने खेळत. त्यामुळे नवख्या मुलाला कधीकधी देशासाठी खेळलेल्या गोलंदाजाला तोंड द्यावे लागे. शाळांच्या सामन्यांत नाव कमवावे, मग क्लबात जावे, मग कचेरीच्या संघात, आणि त्यानंतर मुंबईचा विचार! अशी ही लांब शिडी होती.

त्यात पुन्हा पावसाची शाळा होती. सगळीकडे पावसाळ्यात क्रिकेट बंद पडते. मुंबईत मात्र १९४८ पासून कांगा लीग नावाची स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाऊ लागली. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी उसळतो, कधी घसरतो, कधी थबकतो. अशा चेंडूशी ज्याने दोन तास झुंज दिली, त्याला कोरड्या खेळपट्टीची भीती काय वाटणार? येथूनच मुंबईच्या खेळाडूंच्या अंगी तो गुण आला, ज्याला मैदानावरील माणसे ‘खडूसपणा’ म्हणतात. एरवी हा शब्द कोणाला चांगल्या अर्थाने लावीत नाहीत. येथे त्याचा अर्थ, आपला गडी सहजासहजी बाद होऊ न देणे, आणि हरत आलेला सामनाही शेवटच्या चेंडूपर्यंत न सोडणे.

या संघाची खोली १९७१ मध्ये दिसून आली. भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला होता. त्याचे नेतृत्व वाडेकरांकडे होते आणि त्यांच्यासह गावसकर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर व अशोक मांकड असे मुंबईचे पाच खेळाडू त्यात होते. तिकडे भारताने वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका प्रथमच जिंकली. इकडे उरलेल्या खेळाडूंना घेऊन सुधीर नाईक यांनी मुंबईला करंडक मिळवून दिला. पुढे उतारवयात वानखेडे मैदानाची खेळपट्टी राखण्याचे काम नाईकांनी केले. २०११ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला तो त्याच खेळपट्टीवर.

वर ज्यांचा उल्लेख आला त्या सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानावर माळी होते. मैदानाच्या कडेला असलेल्या झोपडीवजा घरात मुलगा वाढला आणि फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहून झेल घेण्यात साऱ्या जगात नावाजला गेला. २७ कसोटी सामन्यांत त्याने ५३ झेल घेतले. पद्माकर शिवलकर यांची गोष्ट निराळी. १९७३ च्या अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले; सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर संपला! कारकिर्दीत त्यांनी ५८९ बळी मिळविले, परंतु त्याच काळात भारताकडे बिशनसिंग बेदी हे त्यांच्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज होते, आणि शिवलकरांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. तरीही ते मुंबईसाठी वर्षानुवर्षे चेंडू टाकीत राहिले. माझ्या मते संघाचा इतिहास लिहिताना असे नाव आधी लिहावे.

पुढच्याच मोसमात उपांत्य फेरीत कर्नाटकाने मुंबईला रोखले आणि पंधरा वर्षांची मालिका खंडित झाली. पराभव नंतरही वाट्यास आले. सर्वांत जिव्हारी लागला तो १९९१ चा. वानखेडे मैदानावर हरयाणाविरुद्ध विजयासाठी ३५५ धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकर ९६ धावा करून परतला. राजापूर येथे जन्मलेले दिलीप वेंगसरकर मात्र उभे राहिले. अखेरचा गडी साथीला घेऊन त्यांनी धावसंख्या ३५२ पर्यंत नेली, आणि तो गडी धावचीत झाला. अवघ्या दोन धावांनी सामना गेला. १३९ धावांवर नाबाद राहिलेल्या वेंगसरकरांना मैदानातच रडू कोसळले.

आता मालवणकडे वळू या. मालवण तालुक्यात आचरे नावाचे गाव आहे. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव करण्याची आपल्या किनाऱ्यावरची रीत आहे. आचरेकर हे तसेच आडनाव. रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२ मध्ये मालवणात झाला. तेव्हा हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. आचरेकर मुंबईस गेले, स्टेट बँकेच्या संघातून खेळले, आणि प्रथम श्रेणीचा केवळ एक सामना त्यांच्या वाट्यास आला. खेळाडू म्हणून त्यांचे नाव कोणाच्या ध्यानात राहिले नसते. परंतु दादरच्या शिवाजी उद्यानात त्यांनी मुलांना शिकविण्यास आरंभ केला, आणि त्या मैदानातून मुंबईला खेळाडूंची रांगच लाभली : बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर.

आचरेकर सर बोलत थोडे. तोंडावर कोणाचे कौतुक करीत नसत. सचिन दमला असे दिसले, की ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो त्याला बाद करील त्याचे ते नाणे. सराव संपेपर्यंत सचिन टिकला तर ते त्याचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली. नुसत्या सरावाने खेळाडू तयार होत नाही, सामने खेळावे लागतात, असे सरांचे मत होते. म्हणून ते त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि एकाच दिवशी निरनिराळ्या सामन्यांत उतरवीत.

१९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शाळांचा एक सामना झाला. शारदाश्रम शाळेकडून सचिनने नाबाद ३२६ आणि कांबळीने नाबाद ३४९ धावा केल्या. दोघांनी मिळून ६६४ धावांची भागी रचली. हा पराक्रम सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्यानंतर खेळावयास जाणारा मुलगा पायांना पॅड बांधून सारा वेळ बसून होता, आणि त्याची पाळी आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुजुमदार. तोही आचरेकर सरांचाच शिष्य. मोठेपणी मुंबईसाठी पहिलाच सामना खेळताना त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमविल्या, तरी भारताच्या संघाकडून त्यास बोलावणे आले नाही. २००६-०७ च्या मोसमात मुजुमदार मुंबईचे कर्णधार होते. आरंभीच्या तीन सामन्यांनंतर संघाजवळ एकही गुण नव्हता. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध तर फलकावर एकही धाव लागली नसताना पाच गडी बाद झाले! तो सामनाही मुंबईने जिंकला आणि पुढे करंडकही. पाळीची वाट पाहत बसलेला हाच मुलगा पुढे भारताच्या महिला संघाचा मार्गदर्शक झाला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्या संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला.

शिष्य कधी प्रतिपक्षातही उभे राहतात. २०२२ च्या अंतिम सामन्यात मुंबईला मध्य प्रदेशाने हरविले. त्या संघाचे मार्गदर्शक चंद्रकांत पंडित होते. शिवाजी उद्यानात शिकलेला खडूसपणा त्यांनी मध्य प्रदेशाच्या मुलांना शिकविला होता. त्यानंतर २०२४ च्या मार्चमध्ये अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने वानखेडे मैदानावर विदर्भाला १६९ धावांनी हरविले आणि बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकला. शेवटचा बळी घेतला तो धवल कुलकर्णी यांनी, आणि हाच त्यांचा अखेरचा सामना होता.

आचरेकर सर २ जानेवारी २०१९ रोजी निवर्तले. शिवाजी उद्यानाच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले. मालवणहून मुंबईस जाल तेव्हा तेथे जरूर थांबा. सर नेहमी डोक्यावर घालीत ती टोपी त्या स्मारकात घडविलेली आहे.